मुंग्या लागलेले बटवे

"शिवल्यालं कापावं व्हय गं असं?" ठकूमावशीनं उंबऱ्यातूनच विचारलं.

मी फरशीवर पालथी पडले होते. नाकासमोर बटव्याची दोन अर्धुकं. सकाळीच कातर घेऊन मी तो उभा चिरला होता, तोंडाच्या नाडीपासून थेट तळाच्या शिवणीपर्यंत. दोन्ही तुकडे वीतभर अंतरावर ठेवून मी वाट बघत होते. आता डाव्या तुकड्याला तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती. वऱ्हाड निघावं तशी. कुणाला घाई नाही, कुणी मागं वळत नाही. उजव्या तुकड्याकडे मात्र एकही फिरकली नव्हती.

"मावशी, बघ तरी. एकच लुगडं, एकच दोरा, आत उटणंही एकच होतं. मग मुंग्या ह्याच तुकड्याला का?"

मावशी गुडघ्यांवर हात टेकून वाकली. दारात ओळखीचं माणूस आल्यावर बघावं, तसं तिनं त्या रांगेकडे बघितलं.

"मुंगीला इचार," ती म्हणाली. "मला कशाला इचारतीस? मी काय मुंगीची जाऊ हाय?"

तिच्या मागं उभी असलेली नसीम पदराआड हसली, आणि मी मान वर करताच गप्प झाली.

याला आता सोळा वर्षं झाली. मी औषधं बनवण्याचं शिक्षण घेऊन, पुण्याजवळच्या एका कारखान्यात दोन वर्षं शांपूच्या टाक्या ढवळून, माणदेशातल्या आमच्या गावी परत आले होते. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली घेतली होती. तिथं उटणं कांडायचं, शिकेकाई आणि रिठा कुटायचा. माल चांगला होता, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. प्रश्न होता तो कशात घालून द्यायचा याचा. आमच्या माळावर पानांपेक्षा पिशव्याच जास्त झालेल्या बाभळी मी रोज बघत होते. वारा सुटला की साऱ्या माळावर फडफड व्हायची. त्यात आपणही भर घालायची, हे मनाला पटत नव्हतं.

पुण्यात खासनीसबाईंचं दुकान होतं. त्यांच्याकडे तीन गोष्टींना मनाई होती. प्लास्टिक नको, चिकटपट्टी नको, चकचकीत पुठ्ठा नको. "रिकामं झालं की मातीत टाकलं आणि मातीचं झालं, असं काहीतरी घेऊन ये," त्या म्हणाल्या होत्या. "मग बोलू आपण."

मी केळीच्या पानापासून मातीच्या बोळक्यापर्यंत सगळं करून पाहिलं. पान सुकून चिरायचं, बोळकं एस्टीत फुटायचं. शेवटी ठकूमावशी जानकरच म्हणाली, "जुनेराइतकं गुणी दुसरं काय हाय गं?"

जुनेर म्हणजे वापरून वापरून मऊ झालेलं कापड. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि मावशीसारखी वाकळ शिवणारी पंचक्रोशीत नव्हती. तिनं घराघरांतून जुनी सुती लुगडी गोळा केली. ती रिठ्याच्या पाण्यात उकळली, चैताच्या उन्हात कडक वाळवली, आणि दोन पदर एकावर एक ठेवून तळहाताएवढे बटवे बेतले. वाकळीसारखाच धावदोरा, तशाच जवळजवळ ओळी. कापडाच्याच पट्टीची नाडी. आत घडी घातलेल्या हातकागदात उटणं. पिंजाऱ्याची सून नसीम तिच्या हाताखाली आली. दोघी गिरणीच्या खिडकीत बसायच्या, आणि मावशी टाक्याच्या ठेक्यावर म्हणायची:

जुनेर लुगड्याला, लागे सुईची संगत
तान्हुल्याच्या अंगी, ऊब आली गं रांगत

मी खलबत्त्यापाशी बसून ऐकायची. वाटायचं, आता काही कमी नाही.

पहिली खेप गेली, बाईंना फार आवडली. दोनशे बटवे. आणि पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"वैजयंता, तुझ्या बटव्यांना मुंग्या लागतायत."

"मुंग्या?"

"शेल्फावर दुसऱ्या कशालाही नाहीत. मध आहे, गूळ आहे, त्यांना नाहीत. तुझ्याच बटव्यांना. आज एक गिऱ्हाईक बाई किंचाळली दुकानात."

"मॅडम, उटण्यात गोड काहीच नाही."

"ते तू बघ. गुरुवारी मी सांगलीला निघालेय, वाटेत तुझ्याकडे येते. कारण सापडलं आणि बंद झालं तर वर्षभराचं काम तुझं. नाही सापडलं तर मला दुसरीकडे बघावं लागेल. माझं दुकान मुंग्यांसाठी नाही."

त्या वर्षभराच्या कामावर माझं सगळं अवलंबून होतं. ते मिळालं तर गिरणीची खोली राहणार होती, नसीम आणि मावशी राहणार होत्या, आणखी चौघीजणी विचारून गेल्या होत्या, त्या येणार होत्या. नाही मिळालं तर मला परत त्या टाक्या ढवळायला जावं लागलं असतं. दादानं तिथल्या साहेबांशी बोलूनही ठेवलं होतं.

म्हणून तीन दिवस मी मुंग्यांच्या मागं लागले.

सोमवारी नुसतं उटणं बशीत काढून ठेवलं. मुंग्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मसुराचं पीठ असेल, आंबेहळद असेल, म्हणून एकेक जिन्नस वेगळा ठेवला. तरी नाही. रिकामा बटवा ठेवला. त्याला लागल्या. म्हटलं, कापडात काहीतरी आहे. मग न शिवलेलं कापड ठेवलं. त्याला नाहीत. म्हटलं, दोऱ्यात असेल, दोरा मेणातून काढतात. दोऱ्याचं रीळ ठेवलं. त्यालाही नाहीत. उटण्याला नाही, कापडाला नाही, दोऱ्याला नाही, आणि शिवून बटवा झाला की मात्र हजर. मी वहीत हे सगळं लिहून काढलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. शिकलेलं सगळं डोक्यात होतं, पण यातलं काहीच त्यात बसत नव्हतं.

मंगळवारी, तो बटवा चिरला त्या दिवशी, मला दोघींचाच संशय आला. मी तसं विचारलंही.

"नसीम, काम करताना काही खाता का गं तुम्ही? शेंगदाणे, गुडदाणी?"

नसीमची सुई थांबली. तिनं मावशीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "न्हाय वैजूताई. हात धुऊन बसतो आमी."

"मग तोंड का उतरलं?"

"उतरंल न्हाय तर काय," मावशी मध्येच म्हणाली. "सकाळधरनं पोलीसपाटलासारखी फिरतीस. आगं, मुंग्या आल्या तर आल्या. मुंगी वंगाळाकडं जात न्हाय. चांगलं हाय म्हणून येतीया."

"मावशी, खासनीसबाईंना हे चालत नाही."

"का? त्यांच्या घरात मुंग्या न्हाईत?"

"आहेत. पण दुकानात नकोत."

"मग घरातल्या मुंग्या काय दुकानात उपाशी ऱ्हात्यात?" मावशीनं दोरा दातानं तोडला. तिला खरंच कळत नव्हतं मी कशासाठी जीव आटवतेय ते. आणि मला कळत नव्हतं तिला कसं कळत नाही.

बुधवारी मी शेवटचा उपाय केला. त्याच लुगड्याचा तुकडा घेतला, त्याच रिळाचा दोरा घेतला, आणि स्वतः बसून दोन बटवे शिवले. टाके वेडेवाकडे, एक मोठा, एक बारीक. मावशी हसली. "पोराचं दात येत्यात तसा टाका घातलाय बघ." मी ते दोन आणि त्यांचे दोन असे चार बटवे फरशीवर मांडले आणि बाहेर जाऊन बसले.

तासाभरानं आत आले. त्यांच्या दोन्हींना रांगा. माझ्या दोन्हींना काही नाही.

आता मात्र मला भीतीच वाटली. हाताच्या वासानं? तेलानं? की माझ्याच हातात काही कमी आहे? मी नसीमला म्हटलं, "माझ्यासमोर एक शिव. सुरुवातीपासून." ती बसली. मी तिच्या बोटांवरून नजर हलू दिली नाही. कापड, दोरा, टाका. कापड, दोरा, टाका. शेवटी तळाचा एक कोपरा उघडा राहिला तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे बटवा पुढं केला. "मावशी, कोपरा." मावशीनं तो घेतला, आमच्याकडे पाठ केली, पदर सावरला, दोन टाके घातले, गाठ मारली. कोपरे नेहमी तीच मिटवायची. जाणत्या हाताची सफाई, असं मी समजत होते. माझं लक्ष नसीमच्या हातांकडे होतं, आणि ते हात स्वच्छ होते.

त्या बटव्यालाही मुंग्या लागल्या.

गुरुवारी अकराच्या सुमारास खासनीसबाईंची गाडी आली. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात कोल्हापुरी. त्यांनी खलबत्ता पाहिला, वाळत घातलेल्या लुगड्यांना हात लावून पाहिलं, मावशीला नमस्कार केला. "तुमचाच हात ना हा? फार सुंदर टाका." मावशी लाजली नाही. "व्हय, माझाच," म्हणाली.

"सापडलं का कारण?" बाईंनी मला विचारलं.

मी वही पुढं केली. काय काय करून पाहिलं ते सांगितलं. सांगताना माझं मलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. "मी शिवलेल्याला लागत नाहीत मॅडम. यांनी शिवलेल्याला लागतात. का ते माहीत नाही."

बाईंनी वही न वाचता मिटली. फरशीवरचा एक बटवा उचलला, झटकला, आणि डोळे मिटून अंगठ्यानं चाचपायला लागल्या, तांदूळ निवडताना खडा शोधावा तशा. नाडी, कडा, पोट, तळ. एका कोपऱ्यावर अंगठा थांबला. तिथं चार पदर एकत्र येत होते, त्यामुळे जाडच असायचं. त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"इथं काहीतरी आहे. कातर दे."

त्यांनी दोन टाके उसवले. आतून तुरीच्या डाळीएवढा एक तपकिरी, चिकट कण फरशीवर पडला. त्याच्यामागोमाग तीन मुंग्या.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

मी पाहिलं. मला ओळखू येईना. मी दुसरा बटवा उसवला, तिसरा उसवला. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात तेच. कापलेल्या बटव्याच्या डाव्या तुकड्यातही.

"भाकरी हाय," ठकूमावशी म्हणाली.

मग मीच विचारलं, "भाकरी? कशासाठी?"

"कशापायी म्हंजी?" मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलंय. "वाकळ मिटवताना तिला घास घालत्यात. भाकरीचा कुसकरा, त्याला गुळाचं बोट. पोट भरून मिटवायची. उपाशी मिटवल्याली वाकळ ऊब देत न्हाय, पांघरणाऱ्यालाच खाती."

"पण हे बटवे आहेत, मावशी."

"दोन पदर हाईत, आत पोकळी हाय, धावदोरा हाय. मग वाकळंचीच लेक की ती. धाकली म्हणून काय तिला पोट नसतंय?"

"मग सांगितलं का नाहीस? तीन दिवस मी..."

"सांगायचं नसतंय. सांगितलं की घास उष्टा हुतो. म्हणून तर मिटवणारी पाठ फिरवून मिटवती. ह्या नसीमला बी मीच गप ऱ्हा म्हणलं हुतं."

"आणि मुंग्या? त्या दिसत नव्हत्या?"

"दिसत हुत्या की. मुंगीनं खाल्लं म्हंजी घास पोचला. बरं वाटत हुतं बघून." तिनं फरशीवरच्या मुंग्यांकडे पाहिलं. "तू का रडकुंडीला आलीस, तेच मला उमगंना."

खासनीसबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कण तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला. त्यांचा आवाज मऊ झाला होता, पण बोलणं तेच होतं. "मावशी, हे मी जन्मात विसरणार नाही. पण दुकानात चालणार नाही हो. त्याऐवजी दुसरं काही घालता येईल का? लिंबोळी? मुंग्याही येणार नाहीत."

"लिंबोळी कडू असती," मावशी म्हणाली. "जेवायला बसवून कुणी कडू वाढतंय का?"

बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या. "आठ दिवसांत तीनशे बटवे. कोपरे रिकामे हवेत. जमणार असेल तर उद्या फोन कर. नसेल तरी कर, मी रागावणार नाही."

गाडी गेली. धूळ खाली बसली. मी मावशीसमोर बसले.

"मावशी, एवढं करशील? भाकरी नको घालूस. सवय आहे ती फक्त."

तिनं उसवलेला बटवा मांडीवर घेतला होता आणि ती त्याचा कोपरा बोटानं दाबून धरत होती, जखम दाबावी तसा.

"एकदा केलंय तसं," ती म्हणाली. "बाहत्तर सालाला. थंडीच्या तोंडाला वाकळ शिवली. घरात भाकरी न्हवती, कण्या बी न्हवत्या. म्हणलं, कापडाला काय कळतंय. तशीच मिटवली. माझी थोरली पांघरायची ती. अनशी."

तिचा अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरत राहिला.

"ते वाकळीमुळं नव्हतं मावशी," मी म्हटलं.

"ठावं हाय मला. येडी समजतीस व्हय? दुष्काळानं गेली ती. साऱ्या गावाला ठावं हाय." तिनं बटवा बाजूला ठेवला. "पर मिटवली मी हुती."

तीन दिवस मला जे कळत नव्हतं ते आता कळलं होतं, आणि त्यानं काहीच सोपं झालं नव्हतं. मी नसीमकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिलाही ते जमणार नव्हतं. मी मनातल्या मनात दादाच्या साहेबांना फोन लावून पाहिला, ते काय म्हणतील, मी काय म्हणेन. दुपार कलली. गिरणीच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या.

मावशीच उठली. कोपऱ्यातलं लुगडं ओढून घेतलं, कातर घेतली.

"मी शिवीन," ती म्हणाली. "बेतीन, धावदोरा घालीन, नाडी ववीन. नसीम बी शिवंल. कोपरा आमी मिटवायच्या न्हाई. धंदा तुझा हाय. तू मिटव."

पहिला बटवा माझ्या हातात आला तेव्हा उन्हं खिडकीवर आली होती. इवलासा कोपरा, बोटाचं टोक जाईल एवढा उघडा. दोन टाक्यांचं काम. मी सुईत दोरा ओवला, आणि हात तसाच राहिला. मावशी माझ्याकडे पाठ करून बसली होती.

"मिटवलीस?"

"मिटवतेय."

"गुमान मिटवू नगंस. काय तरी बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"उपाशी निजणाऱ्या लेकराला काय सांगत्यात?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरी वडील मास्तर होते. चूल कधी थंड राहिली नाही. नसीमनं हातातल्या कापडावरून नजर न उचलता, हळू आवाजात सांगितलं.

"सकाळी देते, म्हणत्यात."

मावशीची पाठ थोडी वाकली.

मी बटवा तोंडाजवळ नेला. खोलीत दोन बायका होत्या, आणि मला दोघींचीही लाज वाटत होती. "सकाळी देते," मी म्हटलं, आणि सुई टोचली. एक टाका. दुसरा टाका.

"आता गाठ मार," मावशी भिंतीकडे बघत म्हणाली. "पक्की मार. सुटाय नगं."

बाईंचं काम मिळालं. पुढं त्यांच्यासारखीच आणखी दुकानं मिळाली. गिरणीची खोली अपुरी पडली, चौघी येणार होत्या त्या दहा झाल्या. मावशी होती तोवर शिवत राहिली, आणि एकही कोपरा तिनं मिटवला नाही. ते काम अजूनही माझंच आहे. दुसऱ्या कुणाला मी ते देत नाही. तळहाताएवढ्या किती बटव्यांना मी आजवर तेच एक वाक्य सांगितलं, ते आता सांगता येणार नाही.

सोळा वर्षांत एकाही बटव्याला मुंगी लागलेली नाही.